सोव्हिएत मेडल हातात आलंय? मग त्यामागचा सैनिक शोधायचा कसा

सोव्हिएत मेडलांचा नाद लागला की बहुतेक जण आधी किंमत विचारतात, मग खरं की खोटं ते बघतात आणि ज्याच्या छातीवर ते लागलं होतं त्या माणसाचा विचार करतात सगळ्यात शेवटी, किंवा करतच नाहीत. माझ्या मते खरी मजा त्या माणसाला शोधण्यात आहे, आणि सोव्हिएत मेडलांच्या बाबतीत ते शक्यही आहे, कारण दुसरं महायुद्ध चालू असतानासुद्धा रेड आर्मीच्या, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या, कारकुनांनी इतके कागद भरून ठेवलेत की विचारू नका, आणि त्यातले लाखो कागद आज स्कॅन होऊन फुकट बघायला मिळतात. फक्त वाट जरा वाकडी आहे. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या काही घरांत पणजोबांची पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश मेडलं असतात, त्यांच्या कडेवर नाव, नंबर, पलटण सगळं कोरलेलं असतं. सोव्हिएत मेडलावर नाव नसतं. असलाच तर एक नंबर असतो, तोही सगळ्यांवर नाही.

आधी हातात नक्की काय आहे ते ओळखा

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात 'रशियन मेडल' म्हणून जे विकतात त्यातले बरेचसे साधे बिल्ले असतात, रशियनमधे झ्नाचोक म्हणतात. लेनिनचं तोंड असलेली पिन, खेळाचा बिल्ला, कारखान्याच्या वर्धापनदिनाचा बिल्ला, असलं काहीही. छान दिसतात, जमवा हवं तर, पण त्यातून कुठलाही सैनिक सापडणार नाही. रशियात एमबीबीएसला गेलेली पोरं जे घेऊन येतात तेही बहुतेक हेच.

बिल्ले बाजूला काढले की उरतात दोन मोठे गट, ऑर्डर आणि मेडल. ऑर्डर म्हणजे वरचा सन्मान, बहुतेक चांदीची किंवा सोन्याची, तिच्यावर मीनाकाम, आणि मागे नंबर. मेडलं सहसा गोल, रिबिनीला लटकणारी, आणि बहुतेकांवर नंबर नसतो.

नवख्याच्या हातात सगळ्यात जास्त येते ती ऑर्डर ऑफ द रेड स्टार. १९३० साली सुरू झाली आणि सोव्हिएत युनियन संपेपर्यंत ३८ लाखांच्या आसपास दिल्या गेल्या. लाल पाच टोकांचा तारा, मधे ओव्हरकोट घातलेला बंदूकधारी शिपाई. मग ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर, ही २० मे १९४२ ला सुरू झाली, पहिली आणि दुसरी श्रेणी. मग ऑर्डर ऑफ ग्लोरी, ८ नोव्हेंबर १९४३ ची, तीन श्रेण्या, नारिंगी-काळ्या पट्ट्यांची रिबीन, आणि ही फक्त शिपाई, सार्जंट आणि हवाई दलातल्या ज्युनिअर लेफ्टनंटपर्यंतच्यांनाच मिळायची. म्हणून कोणी 'कर्नलला मिळालेली ग्लोरी' विकत असेल तर लगेच खोटं म्हणू नका, तो आधी सार्जंट असू शकतो, पण कागद मात्र मागा.

मेडलांमधे सगळ्यात मानाचं 'झा ओत्वागू', म्हणजे 'शौर्यासाठी'. १९३८ चं. वर तीन विमानं, खाली टी-३५ रणगाडा. हे खरंखुरं लढाईतल्या धाडसाबद्दल द्यायचे, त्यामुळे म्हाताऱ्या सैनिकांना याचं फार अप्रूप असायचं.

याउलट मोहिमांची मेडलं, म्हणजे स्टालिनग्राडच्या रक्षणाचं, बर्लिन घेतल्याचं, जर्मनीवरच्या विजयाचं, ही तिथे हजर असलेल्या सगळ्यांना दिली गेली. स्टालिनग्राडचं साडेसात लाखांच्या वर लोकांना, बर्लिनचं ११ लाखांच्या आसपास, आणि जर्मनीवरच्या विजयाचं जवळजवळ दीड कोटी लोकांना. यांच्यावर नंबर नाही. त्यामुळे सुटं मेडल हातात आलं तर ते कोणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, विक्रेत्याने कितीही रंगवून गोष्ट सांगितली तरी. (जाता जाता एक गंमत, जर्मनीवरच्या विजयाच्या मेडलवर स्टालिन डावीकडे बघतो आणि जपानवरच्या विजयाच्या मेडलवर उजवीकडे. नकाशा डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल.)

१९६५, १९७५, १९८५ ची विजयाच्या वर्धापनदिनाची मेडलंही अशीच, सरसकट वाटलेली. आणि १९८५ मधे अजून एक भानगड झाली, विजयाला ४० वर्षं झाली म्हणून तेव्हा हयात असलेल्या सगळ्या माजी सैनिकांना पॅट्रिऑटिक वॉरची ऑर्डर दिली गेली. म्हणजे तुमच्या हातात ती ऑर्डर असेल तर पहिला प्रश्न हाच, युद्धातली की १९८५ ची? युद्धातल्या पहिल्या श्रेणीत सोनं आहे, १९८५ वालीत चांदीवर मुलामा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि गोष्टीतही.

नंबर वाचा, फोटो काढा, घासू मात्र नका

ऑर्डर उलटी करा. रेड स्टारसारखी रिबिनीला न लटकणारी असेल तर मागे मधोमध स्क्रू असतो, त्यावर गोल नट. नट हलक्या हाताने सोडवा, जाम असेल तर पक्कड लावू नका. रेड स्टारच्या मागे रशियन अक्षरांत 'मोनेत्नी द्वोर' म्हणजे टांकसाळ असं लिहिलेलं दिसेल आणि खाली नंबर. चांगल्या उजेडात, तिरका प्रकाश टाकून, भिंगातून वाचा. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत हमखास होते, आणि एक आकडा चुकला तर माणूसच बदलतो. पितांबरी, ब्रासो, चिंच काहीही लावायचं नाही. नंबरच्या भोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला वाटला, खोलगट वाटला, तर जुना नंबर पुसून नवीन टाकलेला असू शकतो. असली वस्तू स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

आता एक कडू गोष्ट. हा नंबर घेऊन तुम्ही इंटरनेटवर थेट शोधू शकत नाही. सार्वजनिक डेटाबेस नावाने चालतात. नंबरावरून नाव काढायचं तर उचोत्नाया कार्तोच्का लागते, म्हणजे त्या सैनिकाचं नोंदणी कार्ड. त्यावर त्याचं नाव, जन्मसाल, पत्ता, आणि त्याला मिळालेल्या प्रत्येक ऑर्डरचा नंबर आणि कुठल्या आदेशाने मिळाली ते असतं. ही कार्डं रशियाच्या सरकारी अर्काइव्हमधे आहेत आणि पूर्वी परदेशी संग्राहक तिथल्या संशोधकांना पैसे देऊन ती काढून आणायचे. आता ते खूपच अवघड झालंय.

म्हणून नवख्या माणसाला माझा सल्ला एकच, सुटी ऑर्डर घेऊ नका, कागदासकट घ्या. ऑर्डरसोबत मिळायची ती छोटी पुस्तिका, ओर्देन्स्काया क्निझ्का. त्यात नाव, बऱ्याचदा फोटो, आणि कुठल्या ऑर्डरचा नंबर किती ते हाताने लिहिलेलं असतं. पुस्तिकेतला नंबर आणि धातूवरचा नंबर जुळला की अर्धं काम झालं. सही कोणाची तेही बघा, सुप्रीम सोव्हिएतच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) प्रेसिडियमच्या, वरच्या मंडळाच्या, सचिवाची सही असते, युद्धाच्या काळात गोर्किन, १९५७ ते १९८२ गिओर्गाद्झे. १९४४ ची म्हणून दाखवलेल्या पुस्तिकेवर गिओर्गाद्झेची सही असेल तर ती पुस्तिका नंतर दिलेली आहे. लगेच खोटी ठरत नाही, हरवली म्हणून बदलून दिलेली असू शकते, पण १९४४ ची नक्कीच नाही. नंबर नसलेल्या मेडलांनाही असा दाखला असायचा, घडी घातलेला छोटा कागद, त्यावर नाव असतं, फक्त तो दाखला याच मेडलाचा हे सिद्ध करता येत नाही.

नाव रशियनमधे नीट उतरवून घ्या

इथे आपल्याला इतरांपेक्षा सोपं जातं. रशियन माणसाचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव आणि आडनाव, आणि कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग वडलांचं. आपल्या दहावीच्या मार्कशीटसारखंच. हे मधलं नाव सोडून शोधलंत तर मेलात, कारण इव्हानोव्ह इव्हान हजारोंनी आहेत. बायकांच्या आडनावाच्या शेवटी 'आ' लागतो, इव्हानोव्हा, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असू शकतं, म्हणजे १९४४ चा आदेश माहेरच्या नावाने आणि १९८५ च्या ऑर्डरचं कार्ड सासरच्या.

छापील अक्षरं तासाभरात शिकता येतात, पण काही फसवतात. इंग्रजी पी दिसतो तो र असतो, सी दिसतो तो स, एच दिसतो तो न, बी दिसतो तो व. म्हणजे मेडलावर 'सीसीसीपी' दिसतं ते एस-एस-एस-आर. हाताने लिहिलेलं मात्र वेगळंच प्रकरण आहे, तिथे त हा इंग्रजी छोट्या एमसारखा, द हा जीसारखा, इ हा यूसारखा आणि प हा एनसारखा दिसतो, आणि दोन-तीन अशी अक्षरं शेजारी आली की नुसत्या उभ्या दांड्या दिसतात. फोनमधलं भाषांतराचं ॲप छापील आणि टाइप केलेल्या मजकुराला बरं चालतं, हस्ताक्षराला नाही. हस्ताक्षर वाचायचं तर रशियन वळणाचा तक्ता प्रिंट करून शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर लावत बसा, दुसरा उपाय नाही.

उझबेक, कझाक, तातार, जॉर्जियन सैनिकांच्या बाबतीत अजून सावध राहा. रशियन कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. हसन हा कुठे खासान तर कुठे गासान होतो, मधलं नाव कधी असतं कधी नसतं, जन्मसाल एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे. एका स्पेलिंगला काही मिळालं नाही म्हणून सोडू नका, चार-पाच प्रकारे शोधा.

मग डेटाबेस

तीन नावं लक्षात ठेवा, तिन्ही रशियाच्या संरक्षण मंत्रालयाची. 'ओबेदे मेमोरिअल' २००७ पासून, यात मेलेले आणि बेपत्ता झालेले. 'पोद्विग नरोदा', म्हणजे जनतेचा पराक्रम, २०१० पासून, यात सन्मानांचे कागद. आणि 'पाम्यात नरोदा', जनतेची स्मृती, २०१५ पासून, यात आधीच्या दोन्हींतलं बरंच काही एकत्र, शिवाय तुकडीचा लढाईतला मार्ग नकाशावर. सुरुवात या तिसऱ्यापासून करा. २०२२ नंतर रशियाबाहेरून या साइट कधी उघडतात कधी नाही, त्यामुळे जे सापडेल ते त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा, उद्या बघू म्हणू नका.

सरावाला एक प्रसिद्ध माणूस घ्या, म्हणजे उत्तर आधीच माहीत असतं आणि पद्धत शिकता येते. स्टालिनग्राडचा स्नायपर झाइत्सेव्ह वासिली ग्रिगोर्येविच, जन्म १९१५. नुसतं झाइत्सेव्ह टाकलंत तर ढीगभर निकाल येतील, फार कॉमन आडनाव आहे. पूर्ण नाव आणि साल टाकून गाळा. मग तुकडी बघा, १०४७ वी रायफल रेजिमेंट, २८४ वी रायफल डिव्हिजन. २२ फेब्रुवारी १९४३ ला त्याला हीरो ऑफ द सोव्हिएत युनियन किताब मिळाला. आणि लगेच पुढचा धडा, १ मार्च १९४३ ला २८४ व्या डिव्हिजनचं नाव बदलून ७९ वी ग्वार्ड्स रायफल डिव्हिजन झालं (ग्वार्ड्स हा लढाईत नाव काढलेल्या तुकडीला मिळणारा मान). म्हणजे तोच माणूस, तीच डिव्हिजन, पण मार्चनंतरच्या कागदात नंबर वेगळा. हे माहीत नसेल तर तुम्ही दोन वेगळी माणसं समजून बसाल. युद्धात अशी नावं कित्येक तुकड्यांची बदलली, त्यामुळे 'तुकडी जुळत नाही' म्हणून निकाल टाकून देण्याआधी त्या तुकडीचा इतिहास बघा.

नाग्रादनोय लिस्त, खरा खजिना

डेटाबेसमधे 'नाग्रादनोय लिस्त' अशी स्कॅन सापडली तर खुर्ची ओढून बसा. हे शिफारसपत्र. वरच्या भागात छापील रकाने असतात, आडनाव-नाव-वडलांचं नाव, हुद्दा, काम आणि तुकडी, कुठल्या सन्मानासाठी शिफारस, जन्मसाल, राष्ट्रीयत्व, पक्षाचा सभासद आहे का, लढाईत कधीपासून, जखमी झाला का, सैन्यात कधीपासून, कुठल्या भरती कार्यालयाने बोलावलं, आधी कुठले सन्मान, आणि घरचा पत्ता. तो पत्ता बघितला की अंगावर काटा येतो, कुठल्यातरी जिल्ह्यातलं कुठलंतरी खेडं, आणि शेजारी बायकोचं किंवा आईचं नाव.

खाली मुख्य मजकूर, त्याने नेमकं काय केलं. कुठल्या तारखेला, कुठल्या गावाजवळ, किती शत्रू मारले, जखमी असूनही फोनची तार कशी जोडली, रणगाड्यातून कोणाला कसं ओढून काढलं. त्याखाली रेजिमेंटच्या कमांडरची सही, मग वरच्या अधिकाऱ्यांचे शेरे. हे शेरे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण शिफारस एका ऑर्डरची आणि वर जाऊन दिली दुसरीच, खालची, असं सर्रास व्हायचं. विक्रेते वरचा भाग दाखवून 'रेड बॅनरसाठी (ही रेड स्टारच्या वरची ऑर्डर) शिफारस झाली होती' सांगतात, शेवटी काय मिळालं ते सांगत नाहीत.

संक्षेप खूप येतात. एसपे म्हणजे रायफल रेजिमेंट, एसदे म्हणजे रायफल डिव्हिजन, आपे म्हणजे तोफखान्याची रेजिमेंट, पुढे 'ग्व' असेल तर ग्वार्ड्स. एरवेका म्हणजे तालुक्याचं भरती कार्यालय. 'ब-प' म्हणजे पक्षाचा सभासद नाही. 'न्ये इमेयेत' म्हणजे नाही, आधीच्या सन्मानांच्या रकान्यात हेच जास्त दिसतं.

'झा ओत्वागू'सारख्या मेडलांना बहुतेक वेळा असं लांबलचक पत्र मिळणार नाही. नोव्हेंबर १९४२ पासून रेजिमेंटच्या कमांडरला ही मेडलं स्वतःच्या अधिकारात देता यायची, त्यामुळे एका आदेशात वीस-तीस नावं आणि प्रत्येकाच्या पुढे दोन-तीन ओळी, बस. पण त्या दोन ओळीही कधीकधी भारी असतात.

मजकूर वाचताना भाबडेपणा नको. ही भाषा ठराविक साच्यातली, फाशिस्ट आक्रमक, समाजवादी मातृभूमी वगैरे, आणि मारलेल्या शत्रूंचे आकडे कमांडरने लिहिलेले आहेत, मोजलेले असतीलच असं नाही. झाइत्सेव्हचंच घ्या, नोव्हेंबर-डिसेंबर १९४२ मधले २२५ हा त्याचा प्रसिद्ध आकडा, पण ज्या जर्मन मेजर स्नायपरशी झालेल्या द्वंद्वाने तो जगभर गाजला त्या मेजरचा जर्मन कागदांत पत्ता लागलेला नाही. कागदात आहे ते कागदात आहे म्हणून लिहा, खरं घडलं म्हणून नाही.

हे तपासल्याशिवाय 'शूरवीर' म्हणू नका

रेड स्टार बघितली की लोक थेट खंदकात उडी मारतात. थांबा. ४ जून १९४४ च्या आदेशाने लढाऊ ऑर्डरी नोकरीच्या वर्षांबद्दलही द्यायला लागले. १० वर्षं झाली की 'लढाईतल्या सेवेसाठी'चं मेडल, १५ वर्षांना रेड स्टार, २० ला रेड बॅनर, २५ ला थेट ऑर्डर ऑफ लेनिन. १९५७ पर्यंत हे चाललं. म्हणजे मागच्या गोदामात बसून हिशोब लिहिणाऱ्या मेजरच्या छातीवरही रेड स्टार आणि बर्लिनपर्यंत चालत गेलेल्याच्या छातीवरही तीच. दोघांत फरक कागदावरूनच कळतो, आदेशाचा आधार ४ जून १९४४ चा दिला असेल आणि पराक्रमाचं वर्णन नसेल तर ती नोकरीची. मला स्वतःला अशी रेड स्टार कमी प्रतीची वाटत नाही, १९२९ ते १९४४ त्या सैन्यात टिकून राहणं, मधे स्टालिनची १९३७-३८ ची धरपकड, हा पराक्रमच म्हणा ना. पण ती वेगळी गोष्ट आहे आणि वेगळीच सांगायला हवी.

पोद्विग नरोदामधे मुख्यतः १९४१-४५ चंच सापडतं हेही लक्षात ठेवा. रेड स्टार अफगाणिस्तानच्या युद्धातही दिली गेली, ती तिथे मिळणार नाही.

आणि रेड स्टार फक्त रशियनांनाच मिळाली असंही नाही. इराणमार्गे सोव्हिएत सैन्याला सामान पोचवणाऱ्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या दोघांना १९४४ मधे ती मिळाली, सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग चंद. पहिलं नाव वाचून आपले कान टवकारतात, पण ते तामिळनाडूचे म्हणून नोंदवलेत.

सैनिक सापडला, आता पुढे?

त्याच्या तुकडीची झुर्नाल बोयेविख देइस्तविय शोधा, म्हणजे लढाईची रोजची नोंदवही, पाम्यात नरोदावर बऱ्याच तुकड्यांची आहे. शिफारसपत्रातली तारीख घ्या आणि त्याच दिवसाचं पान काढा. पत्रात 'अमुक गावाजवळच्या टेकडीवर' लिहिलेलं असतं, वहीत त्याच टेकडीवर त्या दिवशी किती मेले आणि दारूगोळा किती उरला ते मिळतं, आणि मग त्या एका माणसाच्या दोन ओळींना वजन येतं. गाव जुन्या नकाशावर शोधा, युक्रेन आणि बेलारूसमधल्या गावांची नावं नंतर बदललीत किंवा गावंच उरलेली नाहीत.

मग ओबेदे मेमोरिअलमधे बघा, मेलेल्यांत नाव आहे का. आणि १९८५ च्या पॅट्रिऑटिक वॉर ऑर्डरच्या कार्डांत बघा, तिथे नाव असेल तर माणूस तोपर्यंत जिवंत होता. हे दोन शोध पाच मिनिटांचे, पण सगळी गोष्ट बदलून टाकतात. दोन्हीकडे नाव आहे? मग बहुतेक एकाच नावाचे दोघे, किंवा बेपत्ता म्हणून नोंदवलेला कैदेतून परत आला. जन्मगाव आणि भरतीचं ठिकाण लावून बघा.

प्रत्येक स्कॅनखाली अर्काइव्हचा पत्ता असतो, फोंड (संग्रह), ओपिस (यादी) आणि येदिनित्सा ख्रानेनिया (फाइल). सन्मानांचे कागद बहुतेक फोंड ३३ मधे, मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या अर्काइव्हमधे. हे तिन्ही आकडे लिहून ठेवाच, साइट बदलली, लिंक मेली, तरी कागद याच पत्त्यावर राहणार.

खरेदीबद्दल एकच सांगतो. रशियात सोव्हिएत सरकारी सन्मानांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, फौजदारी कायद्याचं कलम ३२४, आणि ते देशाबाहेर नेताना विमानतळावर पकडलं तर प्रकरण महागात पडतं. तिथे शिकणारा भाचा-पुतण्या असेल तर त्याला 'येताना एखादी घेऊन ये' असं चुकूनही सांगू नका. जे आधीच बाहेर आहे त्याच्यातूनच घ्या, बिलासकट.

सैनिकाच्या घरचे कुठे सापडले तर आधी कागदाची स्कॅन पाठवा, मेडल तुमच्याकडे आहे हे नंतर सांगा. रेड स्टारसारख्या ऑर्डरी पूर्वी माणूस गेल्यावर सरकारला परत कराव्या लागायच्या, सुरुवातीला फक्त पॅट्रिऑटिक वॉरची ऑर्डर घरच्यांकडे आठवण म्हणून राहायची, त्यामुळे बाजारात आलेली वस्तू घरातून कशी बाहेर पडली ते तुम्हाला ठाऊक नसतं. चोरीला गेली असेल, भुकेपायी विकली असेल. त्यांनी परत मागितली तर काय करणार ते आधीच ठरवून ठेवा आणि मगच मेसेज टाका.